मिटलेले अंगठे

हिंगणमाळच्या शाळेत पाचवीच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसले होते. खाडे सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला, वळून मुलांकडे पाहिलं, आणि चौतीसच्या चौतीस हात वर आले. ‘सर मी, सर मी’ असं कुणी म्हणालं नाही. कुणी बाकावरून अर्धवट उठलं नाही. वारा पडल्यावर ज्वारीचं रान उभं राहतं, तसे ते हात उभे राहिले.

सवयीनं मी हात मोजले. मग मला अंगठे दिसले. नऊ हातांचे अंगठे तळव्यावर मिटलेले होते.

मी चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा पाहिलं. नऊच.

ती खूण माझ्या ओळखीची होती. ती पहिल्यांदा कुणी शिकवली हेही मला ठाऊक होतं. पण ती शाळा इथून दीडशे किलोमीटरवर होती, आणि त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली होती.

माझं नाव प्रमिला काशिद. छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. मुलं काशिदबाई म्हणायची. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी रस्त्यात एखादं दप्तर दिसलं की पाय थांबतात. हिंगणमाळची मुख्याध्यापिका नीलोफर मुलाणी ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिनंच फोन करून बोलावलं होतं.

“बाई, शनिवारी शिक्षण परिषद आमच्याकडे आहे. साठ मुख्याध्यापक येणार, भोईटे साहेब येणार. आदर्श पाठ तुम्हीच घ्यायचा. तुमचा आवाज सगळ्यांच्या कानात आहे, पण तोंड कुणी पाहिलेलं नाही.”

शिक्षण परिषद म्हणजे महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांनी एका शाळेत जमायचं. एकानं खरोखरच्या मुलांसमोर पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून पाहायचा, मग चहा आणि चर्चा. आमच्या वेळी चर्चा कमी आणि चहा जास्त असायचा. पण शिकवण्याच्या युक्त्या एकमेकांना त्या चहावरच कळायच्या.

आणि आवाजाचं म्हणाल, तर तो सांगाती नावाच्या यंत्राचा. गेल्या तीन वर्षांत सांगाती राज्यातल्या बहुतेक शाळांत पोचला आहे. वर्गाच्या भिंतींवर हरभऱ्याएवढे चार कॅमेरे, छताला एक मायक्रोफोन, आणि शिक्षकाच्या कानात एक बारीकसा मणी. फार जुन्या संशोधनातून कळलेली गोष्ट आहे की शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी एक सेकंदही थांबत नाही. तीन सेकंद थांबला, तर मुलं मोठी उत्तरं देतात, बुजरी मुलंही तोंड उघडतात. प्रशिक्षणात आम्हाला हे दरवर्षी सांगायचे. आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो, आणि सोमवारी वर्गात गेलो की पहिल्याच सेकंदाला ओरडायचो. वहीत उतरवून माणसाची सवय बदलत नाही. त्या क्षणी कुणी कानात सांगितलं, तर बदलते. मणी तेच करत होता. ‘थांबा. अजून थांबा. आता विचारा.’

त्याला आवाज हवा होता म्हणून सहा वर्षांपूर्वी मला पुण्याला नेलं. तीन दिवस मी काचेच्या खोलीत बसून वाक्यं वाचली. तुमच्या आवाजात विश्वास आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि मी ते घरी येऊन चार जणांना ऐकवलंही.

शुक्रवारी वर्गात शिरताना खाडे सरांनी जादाचा एक मणी माझ्यापुढे धरला. अठ्ठावीस वर्षांचा भिडस्त माणूस. “ऐका की बाई. आईपेक्षा जास्त मी तुमचंच ऐकतो.”

मी मणी कानात घातला. माझाच आवाज, थोडा तरुण, थोडा शांत. प्रत्यक्षात मी कधीच नव्हते इतका शांत.

“उजवी रांग, तिसरा. विचारा. आता थांबा.”

खाडे सरांनी विचारलं, थांबले. मुलानं बरोबर उत्तर दिलं.

“छान. मधली रांग, पहिली.”

तिचंही बरोबर. सहा मुलांना विचारलं, सहाही बरोबर. खिडकीजवळ एक मुलगी बसली होती. तिचे ओठ हलत होते, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजणं चाललं होतं. हात वर होता, अंगठा मिटलेला. खाडे सरांची नजर तिच्याकडे वळली.

“तिला नको,” मण्यातून मी त्यांच्या कानात म्हणाले. “पुढे चला.”

ते पुढे गेले.

*

एकतीस वर्षांपूर्वी मी घाटनाळच्या शाळेत चौथीला शिकवत होते. विभागातून पाहुणे येणार होते, सोबत कॅमेरावाला. अपूर्णांकांचा आदर्श पाठ माझ्याकडे आला. आमच्यात तेव्हा एक चूक सर्रास होत असे आणि तिला कुणी चूक म्हणत नसे. पाहुणे येण्याआधी तोच पाठ वर्गात दोनदा घेऊन ठेवायचा. पाहुण्यांनाही ते ठाऊक असे, कारण त्यांनीही आपल्या काळात तेच केलेलं असे.

मी एक पाऊल पुढे गेले. मुलांना सांगितलं, “हात सगळ्यांनी वर करायचा. ज्याला येतं त्याचा पंजा पूर्ण उघडा. ज्याला येत नाही त्यानं अंगठा आत मिटायचा. त्याला मी विचारणार नाही. पाहुण्यांपुढे कुणाची लाज जायला नको.”

हे मला तेव्हा दयेचं वाटलं होतं. मुलं खूश होती. पाठ झाला, सगळे हात वर, सगळी उत्तरं बरोबर. पाहुण्यांनी शेरेबुकात पान भरून लिहिलं, मला पुरस्कार मिळाला, आणि त्या चित्रणाच्या तबकड्या अध्यापक विद्यालयांत वर्षानुवर्षं दाखवल्या गेल्या. पुढच्या परिषदेत चहा पिताना मी पाच-सहा जणींना युक्ती सांगितली. दोन वर्षांत ती जिल्हाभर गेली, मग जिल्ह्याबाहेर. कागदावर ती कुठेही नव्हती.

आता यंत्र शिकलं कसं, ते पाहा. चांगलं शिकवणं म्हणजे काय, याची व्याख्या त्याला कुणी सांगितली नाही. ती सांगता येतही नाही. त्याला राज्यभरच्या संस्थांत साठलेली आदर्श पाठांची अकरा हजारांवर चित्रणं दाखवली. कुठल्या पाठाला बक्षीस, कुठल्याला चांगला शेरा, एवढंच सोबत दिलं. बाकी त्यानं स्वतः शोधायचं होतं. चांगल्या पाठात बरोबर उत्तर येण्याआधी काय काय घडतं? शिक्षक कुठे उभा असतो, किती थांबतो, कुणाकडे वळतो? जे हजारदा सापडेल ते नियम म्हणून धरायचं, आणि नव्या शिक्षकाच्या कानात सांगायचं.

तीन सेकंद थांबणं त्याला सापडलं. मिटलेला अंगठाही सापडला असणार. दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी सारख्याच होत्या.

हे मला मागच्या बाकावर बसल्या बसल्या उलगडलं. पण एक गोष्ट उलगडेना. यंत्राला अंगठा कळला, ठीक. या मुलांना कुणी सांगितला?

*

मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट घेऊन मी व्हरांड्यात मुलांच्या पंगतीत बसले. म्हातारीला मुलं लगेच आपल्यात घेतात. पाच मिनिटांत समर्थ नावाच्या पोरानं मला त्याच्या पडलेल्या दाताची गोष्ट सांगून टाकली.

“हात वर करताना अंगठा का रे मिटता तुम्ही?” मी विचारलं.

“आसंच.”

“कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाय.” त्यानं घास गिळला. “मिटला की सर पुढं जात्यात. उघडला की आपल्यालाच इचारत्यात. म्या करून बघितलंय.”

“आणि बाकीच्यांना कुणी सांगितलं?”

“त्येंनी बी करून बघितलं आसंल की.”

नंदीबैलवाला विचारतो, यंदा पाऊस हाय का, आणि बैल मान हलवतो. बैलाला पाऊस कळत नाही, दोरीचा ओढा कळतो. मुलांचंही तसंच असतं. कुठे ताण आहे, कुठे सैल आहे, हे त्यांना सांगावं लागत नाही. पण नंदीबैलाची दोरी कुणाच्या तरी हातात असते. इथे दोरी होती आणि धरणारा कुणीच नव्हता.

खिडकीजवळची मुलगी पंगतीच्या टोकाला होती. ओवी शेंडगे. मी ताट घेऊन तिच्याशेजारी सरकले.

“तूही मिटतेस ना अंगठा?”

ती ताटातला वाटाणा बोटानं सरकवत राहिली. “गेल्या साली आमी मेंढरांमागं गेलतो. जूनला आले तवा ह्येंचं समदं पुढं गेलतं. मला काय येत नव्हतं, म्हून मिटला.”

“आणि आता येतं?”

तिनं इकडेतिकडे पाहिलं. “येतं.”

“मग उघड की.”

“उघडला. दोनदा उघडला.” ती सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली. “तरी सर पुढं गेलं. मग ठिवला मिटून.”

माझा घास हातातच राहिला.

“यंदा मेंढरांमागं नाही गेलीस?”

“आजीकडं ठिवलंय साळंसाठी. हितं सहावी झाली तर ठिवत्याल. न्हायतर जायचं.”

*

नीलोफर कार्यालयात उद्याच्या खुर्च्यांचा हिशोब लावत होती. एकेचाळीस वर्षांची झाली आहे, केसांत पांढरं दिसतं, पण मान तिरकी करून ऐकायची सवय तीच. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, “ओवी शेंडगेला या वर्षात किती प्रश्न विचारले, ते दिसेल का?”

ती थांबली. मग म्हणाली, “दिसेल की. पण वर्ग हिरवा आहे, बाई. सहभाग सत्त्याण्णव टक्के.”

“सहभाग म्हणजे?”

पुन्हा थांबली. “हात वर करणं.”

तिनं नोंद उघडली. ओवीच्या नावापुढे विचारलेले प्रश्न, शून्य. उत्तराची शक्यता, कमी. ही शक्यता जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली होती. जानेवारी चालू होता. तिला विचारलंच नाही, म्हणून तिचं उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून शक्यता कमीच राहिली. मी मिटलेल्या अंगठ्यांचं सांगितलं, आणि नीलोफरनं बाकीची आठ नावं पाहिली. शून्य, एक, शून्य, शून्य. सगळा तक्ता हिरवा होता, म्हणून आत कुणी डोकावलंच नव्हतं.

नीलोफरनं शेजारच्या शाळेत फोन लावला. “सर, जरा चौथीच्या वर्गात जाऊन, हात वर करताना किती जण अंगठा मिटतात ते बघता का?” दहा मिनिटांनी उत्तर आलं, सात. दुसऱ्या शाळेत दहा. मग मी माझ्या ओळखीच्या एका बाईंना फोन केला. त्या सातपुड्यात शिकवतात. तिथली मुलं घरी पावरी बोलतात, मराठी त्यांना शाळेत आल्यावर भेटते. बाई वर्गात जाऊन आल्या.

“अकरा,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला तिथे बसून कसं कळलं?”

मी फोन ठेवला. बाहेर मैदानात समर्थचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. मुलं तिथे ओरडत होती, हे ऐकून मला बरं वाटलं.

“उद्या मी हे सांगणार आहे,” मी म्हटलं. “पाठाच्या आधीच. ही खूण माझी आहे, तो पुरस्कार खोटा होता, आणि हे थांबवायला हवं.”

नीलोफर थांबली. थांबली, म्हणजे तीन सेकंद. आता माझ्या लक्षात आलं. मघापासून प्रत्येक उत्तराआधी ती तीन सेकंद थांबत होती.

“बाई, उद्या बोलू नका,” ती म्हणाली. “उद्याचा पाठ हिरवा झाला की साहेब सहावी ते आठवीच्या मंजुरीवर सही करणार आहेत. पुढची शाळा नऊ किलोमीटरवर आहे. दरवर्षी पाचवीनंतर निम्म्या मुली घरी बसतात किंवा मेंढरांमागे जातात. तुम्ही बोललात तर चौकशी लागेल आणि मंजुरी लटकेल. सोमवारी बोला. सोमवारीही खरं ते खरंच राहील.”

सगळं मुद्देसूद होतं. आवाज चढला नव्हता, शब्द अडला नव्हता.

“नीलोफर,” मी म्हटलं, “हे तू म्हणतेस, की मी?”

तिचा हात कानाकडे गेला. मुख्याध्यापकांनाही मणी दिलेला असतो. कुठल्या शिक्षकाशी कधी बोलायचं, कुठल्या सभेत कुठे गप्प बसायचं, हे तो सांगतो. साहेबांच्या ऑनलाइन बैठकीत कुणाला बोलायला द्यायचं, तेही वर आलेले हात पाहून सांगातीच ठरवतो. तिनं मणी काढून खणात टाकला. मग बराच वेळ तिला बोलता येईना. तीन सेकंदांहून खूपच जास्त.

“मी म्हणते,” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे... मला वाटतं मीच म्हणते. ओवी खरी आहे ना, बाई. तिची सहावी खरी आहे.”

“हो.”

“घाटनाळच्या त्या पाठात मी होते. आठवतं तुम्हाला?”

“दुसऱ्या रांगेत. अंगठा मिटून.”

“मला उत्तर येत होतं.”

मी चष्मा काढला.

“आदल्या दिवशी तुम्ही बाकाबाकावरून फिरलात. माझ्यापाशी आलात आणि म्हणालात, नीलोफर, तू मिटूनच ठेव. घरी मी भाकरीला रोटी म्हणायचे, वर्गातही तोंडात तेच यायचं. पाहुण्यांपुढे नको, असं म्हणालात.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. “मी ठेवला मिटून. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. मला वाटलं, बाईंचं आणि माझं काहीतरी गुपित आहे.”

मला ते आठवत नव्हतं. वर्गातली मुलं आठवत होती, फळा आठवत होता, मी नेसले होते ती साडीही आठवत होती. एवढंच आठवत नव्हतं.

*

शनिवारी वर्गात मागच्या भिंतीला लागून साठ मुख्याध्यापक दाटीवाटीनं बसले. भोईटे साहेब, म्हणजे आमच्या भागाचे शिक्षणाधिकारी, पुढच्या खुर्चीवर. हसरा, भला माणूस. त्यांच्या शेजारच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर पाठाचा रंग दिसणार. नीलोफर तिसऱ्या ओळीत कडेला होती. मी काय करणार, ते मी तिला सांगितलं नव्हतं, कारण मलाही माहीत नव्हतं. रात्रभर ओवीची सहावी एका पारड्यात आणि ओवी दुसऱ्या पारड्यात, असं चाललं होतं.

मी मणी कानात घातला आणि मुलांकडे वळले. एकतीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न विचारला.

“एक भाकरी तिघांत सारखी वाटली. दुसरी भाकरी चौघांत सारखी वाटली. कुणाला मोठा तुकडा मिळाला?”

चौतीस हात. पडदा हिरवा.

“डावी रांग, दुसरा,” माझा आवाज म्हणाला. मी त्याला विचारलं. तिघांतल्याला, असं त्यानं सांगितलं. बरोबर. “मधली रांग, चौथी. तिला ‘का’ असं विचारा.” विचारलं. तिनं नीट सांगितलं. मागे कुणीतरी हळूच ‘वा’ म्हणालं. अजून दोन मुलं, आणि सही झाली असती. हात फळ्यावरून फिरावा इतकं सोपं होतं ते. मी इतकी चांगली शिक्षिका कधीच नव्हते.

माझी नजर खिडकीकडे गेली.

“तिला नको,” मण्यातून मी म्हणाले. “पुढे चला.”

“ओवी,” मी मोठ्यानं म्हटलं. “तू सांग.”

वर्गात काहीतरी बदललं. मुलांनी माना वळवल्या नाहीत, पण हात किंचित खाली आले. ओवी उभी राहिली. हात अजून वरच होता, तो खाली घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

एक. दोन. तीन.

“उत्तराची शक्यता कमी,” कानात शांत आवाज आला. “पुढे चला.”

चार. पाच. पडद्यावर हिरव्यात पिवळं मिसळलं. सहा. माझाच आवाज माझ्याविरुद्ध बोलत होता, आणि तोही प्रेमानं. “बाई, पुढे चला.” त्यानं मला बाई म्हटलं. मी ते वाक्य कधी वाचून दिलं नव्हतं.

मी मणी काढून टेबलावर ठेवला.

मग मी मोजायचं सोडलं. ओवीनं आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठा हळूहळू बाहेर आला, आखडलेला असावा तसा.

“बाई,” ती म्हणाली, “दोन्ही भाकरी येवढ्याच हायत का?”

“म्हणजे?”

“न्हाय, आजी मेंढक्यांची मोठी थापती आन् आमची ल्हान. चौघांची मोठी आसली तर त्येंचा तुकडा बी मोठा व्हईल की.”

मी प्रश्न विचारताना ‘सारख्याच आकाराची’ असं म्हटलंच नव्हतं. एकतीस वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पुरस्कार देणाऱ्यांनीही नाही, आणि अकरा हजार पाठ पाहिलेल्यानंही नाही.

“हे मी सांगायला विसरले,” मी म्हटलं. “चूक माझी. तू बरोबर पकडलंस.”

पडदा पूर्ण पिवळा झाला होता. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर, म्हणजे चूक. भोईटे साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हसून म्हणाले, “मॅडम, छान. आता पुढे घ्यायचं ना?”

“साहेब, आधी एक सांगायचं आहे.”

मी मुलांना खाली बसवलं आणि मागे बसलेल्यांना सगळं सांगितलं. घाटनाळ, अंगठा, चहा, पुरस्कार. कुणाला मिटायला सांगितलं आणि का, तेही. नाव तेवढं घेतलं नाही. नऊ, सात, दहा, अकरा हे आकडे सांगितले.

“तुमच्या शाळांत हे आहे का, मला माहीत नाही,” मी म्हटलं. “ज्यांना यावर काही बोलायचं आहे, त्यांनी हात वर करा.”

साठ हात वर आले. एकदम, आवाज न करता.

“बघा,” भोईटे साहेब समाधानानं म्हणाले, “किती प्रतिसाद आहे.”

मी बघत होते. साठ पंजे, आणि एकाचाही अंगठा दिसत नव्हता. कुणी ते ठरवून केलं नव्हतं. पांढऱ्या मिशांच्या, खादीतल्या माणसांचे, तीस-तीस वर्षं खडू धरलेले हात, आणि अंगठे आत. भोईटे साहेबांचा हातही मांडीवरून अर्धा उचलला गेला होता. मुलांनी वळून मागे पाहिलं. मग समर्थनं आपल्या हाताकडे पाहिलं.

तिसऱ्या ओळीत कडेला नीलोफरचा हात होता. ती त्याच्याकडेच पाहत होती. काल मी निघताना ती म्हणाली होती, “सभेत माझा अंगठा कुठे असतो ते मी कधी पाहिलं नाही.”

“नीलोफर,” मी म्हटलं. “तू सांग.”

तिच्या कानात आज मणी नव्हता. ओवीची सहावी, साहेबांची सही, शाळेचं नाव, सगळं तिच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं. मी तिच्या मदतीला गेले नाही. शिक्षकाला हेच सगळ्यात अवघड जातं, आणि हेच मी तिला एकदाही दिलं नव्हतं.

वर्ग इतका शांत होता, की टेबलावरच्या मण्यातून बारीक आवाज ऐकू येत होता. माझाच आवाज. “तिला नको. पुढे चला. तिला नको. पुढे चला.”

मी थांबले.

तिचा अंगठा उघडला. ती उभी राहिली आणि भोईटे साहेबांकडे वळली.

“माझ्या शाळेत नऊ आहेत, सर,” ती म्हणाली. “माझ्यासकट दहा.”